स्लीपर खाऊन जगणारी लाइन

कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्ग ४८ किलोमीटरचा. मैलात मोजला तर जेमतेम तीस. अमेरिकेत एवढ्याच लांबीच्या, कधी याहूनही आखूड अशा स्वतंत्र मालकीच्या रेल्वे कंपन्या ढिगानं आहेत. तिकडे त्यांना शॉर्ट लाइन म्हणतात. सहाशेच्या आसपास कंपन्या आणि सगळ्यांचे मिळून पन्नास हजार मैलांच्या घरात रूळ. प्रवासी जवळपास नाहीतच. धान्य, खत, लाकूड, मीठ, भंगार, रसायनं असा माल गावातल्या गोदामापासून जंक्शनपर्यंत न्यायचा, तिथं बड्या रेल्वे कंपनीच्या हवाली करायचा आणि रिकाम्या वाघिणी (मालडबे) परत आणायच्या, एवढाच धंदा.

आपल्याकडे रेल्वेचा विषय निघाला की गाडी किती वाजता सुटते आणि कोल्हापूर-वैभववाडी या प्रस्तावित लाइनचं काय झालं, यापलीकडे गाडी सरकत नाही. लाइन जगते कशावर, हे कुणी विचारत नाही, कारण इथं ती सरकारची आहे आणि सरकार बुडत नाही. अमेरिकेतली छोटी लाइन मात्र रोज हिशेब मांडून जगते, नाहीतर मरते. आणि मरते ती बहुतेक वेळा गिऱ्हाईक गेलं म्हणून नव्हे. गिऱ्हाईक नंतर जातं. आधी लाइन स्वतःचे स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे ओंडके, खायला लागते. पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळून भाकरी करावी, तसं.

हिशेब मांडूनच बघू. आकडे मी धरलेले आहेत, पण प्रमाण खऱ्याला धरून आहे.

लांबी तीस मैल धरा, म्हणजे आपली कोल्हापूर-मिरजच. अमेरिकेत लाकडी स्लीपर साडेएकोणीस इंचांवर टाकतात, म्हणजे मैलाला सुमारे ३,२५०. तीस मैलांत ९७,५०० स्लीपर झाले. क्रिओसोट (लाकूड कुजू न देणारं तेल) पाजलेला ओकचा स्लीपर हवामान बरं असेल तर तीसेक वर्षं काढतो. म्हणजे लाइन आहे त्या अवस्थेत नुसती टिकवायची तरी दरवर्षी ३,२५० स्लीपर बदलायला हवेत. एक स्लीपर आणून, जुना काढून, नवा सरकवून, खिळे मारून, खडी दाबून ११० डॉलर धरले तर वर्षाला ३,५७,५०० डॉलर. यात रूळ नाहीत, पूल नाहीत, खडी नाही, इंजिन नाही.

आता मिळकत. वर्षाला १,२०० भरलेल्या वाघिणी, वाघिणीमागे लाइनच्या वाट्याला ४०० डॉलर. एकूण ४,८०,००० डॉलर. माणसं सहा: गाडीवर तिघं, रुळावर दोघं, कचेरीत एक. पगार, विमा, निवृत्तीची वर्गणी धरून माणशी ७०,००० लावा. ४,२०,००० तिथंच गेले. उरले ६०,००० डॉलर आणि त्यात डिझेल, इंजिनाची दुरुस्ती, विम्याचा हप्ता, फाटकांचे सिग्नल. यातलं काय पुढं ढकलता येतं? डिझेल नाही, विमा नाही, पगार नाही. ढकलता येतात ते फक्त स्लीपर. स्लीपर बोलत नाहीत, बिल पाठवत नाहीत, एक वर्ष बदलले नाहीत तर दुसऱ्या दिवशी गाडी घसरत नाही. म्हणून ३,२५० च्या जागी पाचशे बदलतात, आणि कागदावर तोटा बराच कमी दिसतो.

या धंद्यातल्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: मैलामागे वर्षाला शंभर वाघिणी असल्या तर लाइन आपल्या पायावर उभी राहते. वरच्या हिशेबात तो घालून पाहा. तीस मैलांना ३,००० वाघिणी, म्हणजे १२ लाख डॉलर. पगार ४,२०,००० गेले, डिझेल-विमा-इंजिनाला तीन लाख गेले, उरले ४,८०,०००. त्यातून वर्षाचे पूर्ण स्लीपर बसतात आणि पूल-खडीसाठी सव्वा लाखाच्या आसपास हातात राहतात. आपल्या हिशेबातल्या लाइनकडे मैलामागे चाळीसच वाघिणी आहेत. आडात नाही, पोहऱ्यात येणार कुठून?

स्लीपर खाण्याचा परिणाम कसा होतो, हे जवळून बघण्यासारखं आहे. रुळाचा एक जुना तुकडा ३९ फुटांचा असतो. तेवढ्यात साधारण २४ स्लीपर बसतात. अमेरिकन रेल्वे प्रशासनाच्या नियमाप्रमाणे सरळ रुळावर या २४ पैकी निदान आठ धड असतील तर मालगाडीला ताशी २५ मैलांपर्यंत मुभा. पाचच धड असले तर ताशी १०. म्हणजे चोवीसातले एकोणीस कुजलेले असले तरी गाडी कायद्यानं जाऊ शकते, फक्त बैलगाडीच्या चालीनं.

कुजणं बाहेरून दिसत नाही. स्लीपर वरून काळाकुळकुळीत, धट्टाकट्टा दिसतो. रुळाखालची लोखंडी पाटी मात्र लाकडात अर्धा-पाऊण इंच रुतलेली असते, खिळा बोटानं वर उचलला जातो, आणि काठीनं मधे टोचलं की आत भुसा. अशा ठिकाणी वजनदार वाघीण आली की दोन्ही रूळ बाहेरच्या अंगाला सरकतात. मूळ अंतर ४ फूट साडेआठ इंच. सर्वांत खालच्या दर्जाच्या रुळाला ४ फूट १० इंचांपर्यंत चालतं, म्हणजे दीड इंचाची ढील. त्यापलीकडे चाक रुळाच्या आतल्या बाजूनं खाली पडतं. छोट्या लाइनवरचे अपघात बघितले तर फार मोठा वाटा या अशा फताडलेल्या रुळाचा असतो. वेग कमी असल्यानं माणसं वाचतात, पण क्रेन मागवून वाघीण उचलायचा खर्च सहा महिन्यांची कमाई घेऊन जातो.

तात्पुरता इलाज म्हणून दोन रुळांना बांधून ठेवणारी लोखंडी सळी घालतात, गेज रॉड. दोन-चार ठिकाणी ठीक. मैलभर सळ्याच सळ्या दिसायला लागल्या की समजावं, लाइनची बोटं मोडून झाली, आता हात मोडायचा आहे. आणखी एक चूक हमखास होते. पैसे थोडे म्हणून कुजलेल्या दहांच्या मधे एकच नवा स्लीपर घालतात. शेजारचे काहीच वजन पेलत नाहीत, सगळा भार त्या नव्यावर, आणि तीस वर्षांचा स्लीपर दहा वर्षांत पाटीखाली चेचला जातो. त्यापेक्षा हाताशी पाचशे असतील तर वळणं, रुळाचे जोड आणि पुलाच्या दोन्ही बाजू आधी धरायच्या, तिथं दर तिसरा स्लीपर नवा येईल असं बसवायचं, आणि उरलेली सरळ पट्टी सळ्यांवर काढायची. जाणती माणसं हेच करतात.

आणि स्लीपरच्याही आधी पाणी. बाजूचे चर बुजले, मोऱ्या तुंबल्या की खडीत चिखल येतो, रूळ गाडीखाली पंपासारखा वरखाली व्हायला लागतो आणि चिखलात बसलेलं लाकूड निम्म्या आयुष्यात जातं. एका भाड्याच्या एक्सकॅव्हेटरनं आठवडाभर चर काढले तर जे वाचतं, ते नवीन स्लीपरच्या ट्रकनं वाचत नाही. पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्याच लाइनवरची वाहतूक कशानं थांबली होती, ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता ताशी १० मैलांचं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. माल तर पोचतोय. बिघडतं ते असं. अमेरिकेत गाडीवरच्या माणसाला कायद्यानं एका पाळीत बारा तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. बारा वाजले की गाडी जिथं असेल तिथं सोडायची, पुढं निदान दहा तास विश्रांती. तीस मैल २५ च्या वेगानं एक तास बारा मिनिटांत जातात, जाऊन-येऊन दोन तास चोवीस मिनिटं. वाटेत तीन-चार गिऱ्हाइकांकडं वाघिणी लावणं-काढणं आणि जंक्शनवर देवाणघेवाण मिळून पाच-साडेपाच तास. ब्रेकची तपासणी धरून आठ-साडेआठ तासांत माणूस घरी. तीच लाइन १० मैलांवर आली की नुसतं जाणं-येणंच सहा तासांचं. एकूण बारा होतात. एखादा पॉइंट (गाडी रूळ बदलते ती जागा) गोठला, एक एअर पाइप फुटला, बड्या कंपनीनं जंक्शनवर तासभर थांबवलं, की गाडी रानात उभी. मग दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी टॅक्सीनं पाठवून गाडी आणायची. एका फेरीला दोन दिवसांचा पगार. आठवड्यातून पाच फेऱ्या होत होत्या, त्या तीन होतात. गिऱ्हाइकाला वाघीण कधी येणार ते सांगता येत नाही. तो ट्रक बघतो. मैलामागच्या चाळीस वाघिणींच्या पंचवीस होतात.

स्लीपर वाचवले म्हणून पगार दुप्पट झाला, आणि पगार दुप्पट झाला म्हणून स्लीपर आणखी वाचवायचे. एकदा या फेऱ्यात सापडलेली लाइन स्वतःच्या बळावर बाहेर आलेली क्वचितच.

वरून वजनाचं संकट. पूर्वी चार आसांची भरलेली वाघीण जास्तीत जास्त २,६३,००० पौंडांची असे. बड्या कंपन्यांनी ती २,८६,००० वर नेली, म्हणजे सुमारे १३० टन, एका आसावर साडेबत्तीस टनांच्या आसपास. बड्यांचे रूळ जाड, त्यांचं भागलं. छोट्या लाइनवर मात्र शंभर वर्षांपूर्वीचा ९० पौंडी (यार्डाला ९० पौंड वजनाचा) रूळ, त्याहून हलकाही, आणि लाकडी पायांचे पूल. नाकापेक्षा मोती जड. मोठी वाघीण घ्यायची नाही म्हटलं तर गिऱ्हाइकाला प्रत्येक वाघिणीत दहा टन कमी भरावे लागतात, भाडं मात्र जवळपास तेवढंच. शेतकऱ्यांची सोसायटी असा तोटा किती दिवस सोसेल? ती तीस मैलांवरच्या बड्या कंपनीच्या गोदामात ट्रकनं धान्य नेते. मोठी वाघीण घ्यायची म्हटलं तर पूल मजबूत करा, ११२ किंवा ११५ पौंडी जुना रूळ कुठून तरी मिळवा. बड्या कंपन्या आपला झिजलेला रूळ काढतात तोच या लाइनींचा नवा रूळ असतो.

इंजिनांचंही तसंच. बहुतेकांकडं बड्यांनी टाकून दिलेली जीपी-३८-२ सारखी २,००० अश्वशक्तीची, चाळीस-पन्नास वर्षांची इंजिनं दिसतात. यात कंजूषपणापेक्षा शहाणपण जास्त आहे. त्या इंजिनाला टर्बोचार्जर नाही. टर्बो बिघडला की एका फटक्यात मोठी रक्कम जाते; तो नसलेलं इंजिन डिझेल थोडं जास्त पितं, पण गावातला मेकॅनिक सिलिंडरचा एकेक संच बदलून ते चालतं ठेवतो. आपल्या उद्यमनगरातल्या माणसाला हे तत्त्व लगेच पटेल.

मिळकतीची बाजू आणखी नाजूक. माल पाठवणारा पैसे बहुधा बड्या कंपनीला देतो आणि तीच छोट्या लाइनला वाघिणीमागे ठरलेली रक्कम देते. माल २,००० मैल गेला काय नि २०० गेला काय, छोटीचा वाटा तेवढाच. दर वाढवायचा म्हटलं तर समोर एकच कंपनी. कारण बऱ्याच लाइनी मुळात तिच्याच; त्या विकतानाच तिनं करारात कलम घातलेलं असतं: दुसऱ्या कुठल्या बड्या कंपनीला वाघिणी दिल्या तर दंड. जंक्शनला शेजारी प्रतिस्पर्ध्याचा रूळ दिसत असतो, पण त्यावर वाघीण ढकलता येत नाही. कागदाची भिंत म्हणतात याला तिकडे, आणि नाव अगदी चपखल आहे.

त्यात एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली लाइन म्हणजे एका बैलाची गाडी. न्यूयॉर्क राज्यात रेट्सॉफच्या मिठाच्या खाणीसाठी १८९९ मध्ये जेनेसी अँड वायोमिंग नावाची छोटी लाइन उभी राहिली. मीठ हाच तिचा श्वास. १९९४ मध्ये त्या खाणीचं छत कोसळलं, आत पाणी शिरलं आणि पुढच्या वर्षी खाण बंद झाली. लाइन त्याच्याबरोबर बुडायची, पण कंपनीनं त्याआधीच दुसरीकडच्या छोट्या लाइनी घ्यायला सुरुवात केली होती. म्हणून ती वाचली, आणि पुढं तर शंभराहून जास्त छोट्या लाइनींची मालकीण झाली. खाण शाबूत असतानाच दुसरा बैल शोधला, त्याचं हे फळ.

ज्यांना असं करता येत नाही ते बारीकसारीक वाटा शोधतात. मंदीत बड्यांच्या आणि भाडेकंपन्यांच्या हजारो वाघिणी रिकाम्या पडतात. त्या आपल्या रिकाम्या रुळावर उभ्या करून वाघिणीमागे रोजचं भाडं घ्यायचं. बसून मिळणारा पैसा, पण मंदी उठली की तोही उठतो. शिवाय रूळ अडले म्हणून शंटिंगला जागा उरत नाही. त्यापेक्षा पक्की वाट म्हणजे माल उतरवून देणं. ज्याच्या दारात रूळ नाही अशा पंचवीस मैलांवरच्या कारखान्याचा माल आपल्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) वाघिणीतून ट्रकमध्ये चढवून द्यायचा. एक पट्टा, एक पंप, काँक्रीटचा कट्टा आणि काटा, एवढ्यावर सुरुवात होते. रूळ एक इंचही न वाढवता गिऱ्हाइकांचा परीघ वाढतो.

आता सरकारी मदत. अमेरिकेनं छोट्या लाइनींसाठी कराची एक सवलत ठेवली आहे. रूळ-दुरुस्तीवर केलेल्या खर्चाचा ठरावीक हिस्सा करातून वजा. २००५ पासून तो निम्मा होता, २०२० च्या अखेरीस सवलत कायमची झाली आणि २०२३ पासून तो ४० टक्के ठरला. मर्यादा मैलामागे ३,५०० डॉलरची. आपल्या तीस मैलांना फार तर १,०५,००० मिळतील. त्यासाठी आधी २,६२,५०० खर्च करून दाखवायला हवेत. इथंच गंमत आहे. ज्या लाइनकडं खर्चायला पैसे आहेत तिलाच सवलत मिळते. बरं, तोट्यातल्या लाइनला कर तरी कुठं असतो वजा करायला? त्यावर कायद्यातच तोड आहे: लाइन आपल्या मैलांची सवलत गिऱ्हाइकाच्या किंवा माल पुरवणाऱ्याच्या नावे करू शकते. त्यानं दुरुस्तीला पैसा घालायचा आणि सवलत आपल्या करात घ्यायची. गिऱ्हाईक लाइनच्या स्लीपरमध्ये भागीदार होतं. मला ही तरतूद रकमेपेक्षा जास्त मोलाची वाटते.

काही राज्यांनी तर रूळच विकत घेतले. साउथ डकोटानं मिलवॉकी रोड दिवाळ्यात गेल्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेकडो मैल घेतले. वॉशिंग्टन राज्यानं २००४ ते २००७ मध्ये पलूस भागातल्या गव्हाच्या शेकडो मैलांच्या लाइनी घेतल्या. जमीन नि रूळ राज्याचे, गाडी चालवणारी कंपनी भाडेकरू. गहू ट्रकवर गेला तर गावोगावचे रस्ते फुटतील, त्यांची डागडुजी लाइनपेक्षा महाग पडेल, असा सरळ हिशेब.

हे वाचताना कोल्हापूरकराला काही आठवायला हवं. आपली लाइन नेमकी अशीच उभी राहिली. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, १८९१ मध्ये मीटरगेजवर गाडी सुरू झाली. पैसा नि मालकी कोल्हापूर संस्थानची. गाडी चालवायला सदर्न मराठा रेल्वे. रूळ राज्याचे, चालवणारी कंपनी परकी. पण संस्थान तिथं थांबलं नाही. १८९५ मध्ये स्टेशनाला लागून शाहूपुरी वसवली, तिथं गुळाची पेठ बसवली. लाइन आली म्हणून माल येईल असं धरून न बसता माल जिथं तोलला जातो ती जागाच रुळापाशी आणून ठेवली. आजही कोल्हापूर सोडल्यावर पहिल्या स्टेशनाचं नाव गूळ मार्केट आहे, मग वळीवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर. अमेरिकन लाइनच्या मालक-मॅनेजरला विचारलं तर तो हेच सांगेल: दिवसातला निम्मा वेळ रुळावर घालव, निम्मा गिऱ्हाइकाच्या दारात.

बार्शीचं उदाहरण उलट्या अंगानं शिकवणारं. एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइट रेल्वेनं १८९७ मध्ये बार्शी-कुर्डुवाडी अडीच फुटी लाइन सुरू केली. रूळ ३० पौंडी, आणि नियम एकच: कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर वजन नको, इंजिन असो की वाघीण. वाघिणी लांब, बोगीच्या, वजन सारखं वाटलेलं. हलक्या रुळावर जड माल नेण्याची ती युक्ती होती. पंढरपूरची वारी हे हुकमी उत्पन्न. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती घेतली. त्या लाइनचं खरं दुखणं रुळात नव्हतं, टोकाला होतं. कुर्डुवाडीला नि मिरजेला माल हमालांनी एका गेजच्या डब्यातून दुसऱ्या गेजच्या डब्यात टाकायचा. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाल्यावर मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदत होते. रेल्वेच्या हौशी लोकांना मौज. पोतं फुटलेल्या व्यापाऱ्याला नाही. ट्रक दारातून दारात जातो, त्याला गेज बदलावा लागत नाही. विदर्भातली शकुंतला, मूर्तिजापूरहून यवतमाळला नि अचलपूरला जाणारी, मालकी खासगी कंपनीची आणि चालवणार सरकारी रेल्वे या गुंत्यात अडकली. रुळावर पैसा कुणी घालायचा हे ठरेना, म्हणून कुणीच घातला नाही. १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिथं १९९४ पर्यंत ओढत होतं. फोटो छान येतात त्याचे.

मग आज कोल्हापूर-मिरजवर एखादी छोटी मालकंपनी चालेल का? मला नाही वाटत, आणि कारण सरळ आहे. आपली लाइन प्रवासी गाड्यांनी भरलेली. तिथं दोन वाघिणी घेऊन रुकडीत शंटिंग करणारं इंजिन कुणाला परवडणार? अमेरिकेतल्या छोट्या लाइनवर दिवसाला एक गाडी असते, म्हणून ती वाटेल तिथं थांबू शकते.

पण आपल्याकडं दुसरी एक अडचण आहे, ती जास्त टोचते. १९८० च्या दशकापासून रेल्वे सुटी वाघीण सोडून पूर्ण रेकच्या, म्हणजे एका ठिकाणाहून एका ठिकाणी जाणाऱ्या आख्ख्या मालगाडीच्या, मागे लागली. बीसीएनएचएल या बंद वाघिणींचा पूर्ण रेक ५८ वाघिणींचा. वाघिणीत ६४ टन धरले तरी ३,७०० टन झाले. गुळाच्या तीस किलोच्या रव्यांत मोजा: सव्वा लाखाच्या आसपास रवे, एका दमात, एका गावाला. कुठला अडत्या एवढा गूळ एका ठिकाणी पाठवेल? वीस वाघिणींचा मिनी रेक घेतला तरी चाळीस हजारांच्या वर रवे. साखर कारखान्याला जमतं, खत कंपनीला जमतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला महिन्याला साठ टन पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) लागतं. साठ टन म्हणजे एक वाघीण, नाहीतर तीन-चार ट्रक. एका वाघिणीसाठी रेल्वेकडं खिडकीच नाही, मग ट्रकच. असे वीस फाउंड्रीवाले आहेत म्हणून वीस वाघिणी होत नाहीत, कारण प्रत्येकाचा माल वेगळ्या दिवशी, वेगळ्या गावाहून येतो. अमेरिकेतली छोटी लाइन नेमकी या फटीत जगते. एक-एक वाघीण गोळा करून जंक्शनला गाडी बांधून देणं, एवढीच तिची कला.

रेल्वेनं सुट्या वाघिणी उगाच सोडल्या नाहीत, हेही खरं. यार्डात वाघिणी आठवडे-आठवडे अडकायच्या, एक पोतं शोधायला पत्रव्यवहार चालायचा. पूर्ण रेकनं वाघिणींची फेरी झपाट्यानं कमी दिवसांत आली. फक्त त्या सुधारणेत छोटं गिऱ्हाईक कायमचं रस्त्यावर गेलं.

ते परत आणायचं तर रुळापेक्षा मालधक्का महत्त्वाचा. पूर्ण रेक एका माणसाचा नसला तरी एका धक्क्यावर उतरू शकतो: पिग आयर्न दहा जणांचं मिळून एकानं मागवायचं, धक्क्यालगत साठवायचं, आणि ज्याला जेव्हा लागेल तेव्हा ट्रकनं द्यायचं. त्यासाठी धक्क्याला लागून पक्की जागा, वजनकाटा, क्रेन आणि रात्री काम चालेल असा उजेड लागतो. रेक लागल्यावर ठरावीक तासांत रिकामा झाला नाही तर डेमरेजचा दंड सुरू, माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेजचा. हमालांची टोळी संध्याकाळी सहाला उठत असेल तर सगळा फायदा या दोन पावत्यांत जातो. रेल्वे खासगी कार्गो टर्मिनलना परवानगी देते, म्हणजे धक्का रेल्वेचाच असला पाहिजे असंही आता नाही. बाजार समिती आणि फाउंड्रीवाल्यांची संघटना एकत्र बसली तर हा हिशेब एका दुपारी मांडता येईल.

वैभववाडीची शंभरावर किलोमीटरची लाइन होईल तेव्हा होईल. तिच्या नकाशावर स्टेशनं कुठं हवीत यावर भांडणं होतात, निवेदनं जातात. रेक उभा राहील एवढं, निदान सातशे मीटर लांबीचं सरळ, सपाट सायडिंग कुठं बसेल आणि त्याला दहा चाकी ट्रक वळेल एवढा रस्ता कुठून येईल, हे निवेदनात कुणी लिहीत नाही. ती जमीन आज शेतात आहे. लाइन झाल्यावर तिथं बिगरशेती प्लॉट पडलेले असतील.